जुन्या व्हॅनच्या इंजिनाचे शीतन : निदान आणि सुधारणा

मारुतीची छोटी व्हॅन भारतीय रस्त्यांवर आली ती १९८४ साली. १९८८ मध्ये तिला ‘ओम्नी’ हे नाव मिळाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन बंद झाले. उत्पादन बंद झाले तरी त्या वाहनाचे काम संपलेले नाही. शाळकरी मुलांची ने-आण, भाजीपाल्याची व किराणा मालाची वाहतूक, खेड्यातील रुग्णाला तालुक्याच्या गावी पोहोचविणे अशी कामे या व्हॅन अद्यापही करीत आहेत. त्यांपैकी पुष्कळांचे मालक स्वतःच चालक असतात. गाडी चार दिवस गॅरेजमध्ये पडून राहिली, तर त्यांची चार दिवसांची मिळकत बुडते. अशा जुन्या व्हॅनविषयी उन्हाळ्यात आणि घाटात हमखास ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘गाडी गरम होते’ ही होय.

हे वाक्य दिसते तितके सरळ नाही. त्याच्या पोटात निदान चार निरनिराळ्या भौतिक घटना सामावलेल्या असतात. त्या प्रत्येकीचे कारण वेगळे आणि उपायही वेगळा. व्यवहारात मात्र एका वाक्याला एकच उत्तर दिले जाते : मोठा रेडिएटर बसवावा किंवा दुसरा पंखा लावावा. पैसा खर्च होतो, तक्रार राहते, आणि अखेरीस सिलिंडर हेड वाकून इंजिन उघडण्याची पाळी येते. म्हणून शीतनव्यवस्थेत सुधारणा करण्यापूर्वी तक्रारीचा नेमका अर्थ लावणे हे पहिले काम ठरते. हा अर्थ कसा लावावा आणि त्यावरून सुधारणांचा क्रम कसा ठरवावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. उदाहरणासाठी वर सांगितलेली व्हॅन घेतली असली, तरी पाण्याने थंड होणाऱ्या कोणत्याही जुन्या वाहनाला हे विवेचन सामान्यतः लागू पडेल.

१. उष्णतेचा जमाखर्च

पेट्रोलच्या इंजिनात इंधनापासून जी ऊर्जा मिळते, तिच्यातील पाव ते तीस टक्के हिस्साच चाकांच्या कामी येतो. उरलेल्या ऊर्जेपैकी मोठा भाग धुराड्यावाटे जातो आणि जवळजवळ उपयुक्त कामाइतकाच दुसरा भाग सिलिंडरांच्या भिंतींत आणि हेडमध्ये शिरतो. हा शेवटचा भाग बाहेर काढून टाकणे हे शीतनव्यवस्थेचे कार्य होय.

त्याचे प्रमाण किती, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. माणसे व सामान धरून बाराशे किलोग्रॅम वजनाची व्हॅन बारा किलोमीटरांत सहाशे मीटर उंची गाठणारा घाट वीस मिनिटांत चढते, असे समजावे. बोरघाटाची चढण साधारणतः याच जातीची आहे. नुसते वजन वर नेण्यास सुमारे ७० लक्ष ज्यूल, म्हणजे सेकंदाला सहा हजार ज्यूल लागतात. चाकांचे घर्षण, हवेचा रोध आणि दातेरी चक्रांतील व्यय मिळविला, तर इंजिनाला सुमारे ९ किलोवॉट, म्हणजे बारा अश्वशक्ती सतत पुरवावी लागते. तितकीच उष्णता पाण्यात उतरते असे धरले, तर २ किलोवॉटचे चार-साडेचार गीझर एकसारखे चालू ठेवल्यासारखी ती स्थिती असते.

सपाट रस्त्यावर त्याच वेगाने, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरने, जाताना इंजिनाला या कामाचा चौथा हिस्साही करावा लागत नाही. समोरून येणारी हवा मात्र दोन्ही प्रसंगी सारखीच असते. अडचणीचे मूळ येथे आहे. घाटात उष्णतेची जमा वाढते, आणि तिचा खर्च करणारी हवा तेवढीच राहते.

त्यात ऋतूची भर पडते. रेडिएटर किती उष्णता सोडील, हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानांतील अंतरावर अवलंबून असते. पाणी ९५ अंश सेल्सिअस आणि हवा २० अंश असताना हे अंतर ७५ अंशांचे असते. विदर्भात मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की ते ५० अंशांवर येते. म्हणजे रेडिएटर तोच, पण त्याची शक्ती एक-तृतीयांशाने घटलेली. डिसेंबरात निर्दोष वाटलेली व्हॅन मे महिन्यात तापू लागली, तर दोष मे महिन्यात उत्पन्न झाला असे समजू नये. तो आधीच असतो, पण थंडीत झाकलेला असतो.

२. उष्णतेची वाट

ज्वलनातून निघालेली उष्णता प्रथम हेडच्या धातूत, तेथून पाण्यात, पाण्यातून रेडिएटरच्या नळ्यांत, नळ्यांतून पातळ पत्र्यांत आणि अखेरीस हवेत जाते. या साखळीतील कोणतीही एक कडी अशक्त असली, तर बाकीच्या कड्या कितीही बळकट करून उपयोग नाही. वरील उदाहरणातील ९ किलोवॉट उष्णता वाहून नेण्यासाठी, पाणी रेडिएटरमध्ये सहा अंशांनी निवते असे मानल्यास, मिनिटाला एकवीस-बावीस लिटर पाणी फिरले पाहिजे. आणि हवा पंचवीस अंशांनी तापते असे मानल्यास, सेकंदाला तीनशे लिटरांहून अधिक हवा रेडिएटरमधून गेली पाहिजे. या दोन आकड्यांपैकी एक जरी कमी पडला, तरी पाण्याचे तापमान चढू लागते.

या व्हॅनच्या रचनेत दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन पुढच्या आसनांखाली बंदिस्त जागेत आहे. तेथे हवा खेळती नसते, त्यामुळे इंजिनाच्या अंगावरून परस्पर निघून जाणारी उष्णता थोडी. दुसरी अशी की, रेडिएटर वाहनाच्या पुढल्या तोंडाशी, इंजिनापासून दूर आहे. दोहोंना जोडणाऱ्या नळ्या त्यामुळे लांब आहेत. लांब नळ्यांत जोड अधिक, गळतीची ठिकाणे अधिक आणि हवेचा बुडबुडा अडकून बसण्याचा संभवही अधिक.

पुष्कळ व्हॅनवर मागाहून द्रवरूप पेट्रोलियम वायूचे किंवा सी.एन.जी.चे संच बसविलेले असतात. वायूचा दाब उतरविणाऱ्या ‘रिड्यूसर’ला गरम ठेवण्यासाठी इंजिनाचेच पाणी आणखी दोन नळ्यांनी त्यात फिरविले जाते. म्हणजे जोडांची संख्या पुन्हा वाढते. याचा एक फायदाही आहे. पाणी कमी झाले की बहुधा रिड्यूसरला प्रथम त्याची उणीव भासते आणि इंजिन गरम असूनही त्यावर दव किंवा बर्फ साचू लागते. जाणता चालक ही खूण काट्याच्या आधी ओळखतो.

३. एक तक्रार, अनेक अर्थ

गॅरेजमधील बोलीत या विषयाचे बारकावे चांगले जपलेले आहेत. ‘काटा वर जातो’, ‘पाणी उकळते’, ‘पाणी फेकते’ आणि ‘गाडी पाणी खाते’ हे चार शब्दप्रयोग समानार्थी नाहीत. काटा वर जाणे म्हणजे तापमान वाढणे. पाणी उकळणे म्हणजे त्या दाबाला असणारा उत्कलनबिंदू गाठला जाणे. तापमान न वाढताही हे घडू शकते. पाणी फेकणे म्हणजे ते झाकणावाटे बाहेर टाकले जाणे, आणि पाणी खाणे म्हणजे बाहेर गळती न दिसता ते कमी होत जाणे. मालक या चौघांची गोळाबेरीज करून ‘गरम होते’ असे सांगतो, आणि निदानाला उपयोगी पडणारा भेद तेथेच लुप्त होतो.

तेव्हा पहिला प्रश्न ‘किती गरम होते?’ हा नसावा. ‘केव्हा गरम होते?’ हा असावा. त्याच्या उत्तरांवरून येणेप्रमाणे अनुमान करता येते.

(अ) सिग्नलपाशी किंवा गर्दीत उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते : दोष हवेच्या प्रवाहात आहे. पंखा फिरत नाही, उशिरा फिरतो, मंद फिरतो किंवा दुरुस्तीनंतर तारा उलट जोडल्यामुळे उलटा फिरतो. रेडिएटरच्या तोंडाशी कागद धरला असता तो जाळीकडे ओढला गेला पाहिजे. तो दूर ढकलला जात असेल, तर पंखा समोरून येणाऱ्या हवेशी झगडत आहे असे समजावे.

(आ) उभी असताना ठीक, पण लांब चढणीवर किंवा सतत वेगात तापते : पंखा निर्दोष आहे. दोष रेडिएटरच्या सामर्थ्यात किंवा पाण्याच्या प्रवाहात शोधावा. क्षाराने चोंदलेल्या नळ्या, चिखलाने व किड्यांनी भरलेली जाळी, गंजून झिजलेली पंपाची पाती, अथवा पंपाच्या ओढीने आत चिंबणारी मऊ पडलेली रबरी नळी ही त्याची नेहमीची कारणे होत.

(इ) काटा अकस्मात चढतो आणि अकस्मात उतरतो : व्यवस्थेत हवा शिरली आहे किंवा पाणी कमी आहे.

(ई) पाणी खाते, भरण-टाकीत बुडबुडे येतात, धुराड्यातून पांढरा धूर निघत राहतो : हेड गॅस्केट उडाले आहे किंवा हेडला तडा गेला आहे. ज्वलनवायू पाण्यात शिरत असताना रेडिएटर दुप्पट केला तरी काही साधत नाही.

याखेरीज एक पाचवी अवस्था आहे, पण ती रोग नव्हे. घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद केले, तर पंप थांबतो आणि धातूत साठलेली उष्णता स्थिर पाण्यात उतरते. काही मिनिटे काटा चढतो व मग उतरतो. पाणी बाहेर फेकले जात नसेल तर त्याची चिंता करू नये. मात्र चढण संपल्यावर इंजिन दोन-तीन मिनिटे मंद चालू ठेवून मग बंद करणे हितावह होय.

४. झाकणाचे महत्त्व

रेडिएटरचे झाकण हे नुसते बूच नव्हे. ती दाब राखणारी झडप आहे. सामान्य झाकण दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.९ किलोग्रॅम इतका जादा दाब धरून ठेवते. या दाबाखाली साधे पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांऐवजी सुमारे ११८ अंशांवर उकळते.

आता महाबळेश्वरसारखे सुमारे साडेतेराशे मीटर उंचीचे ठिकाण घ्यावे. तेथे उघड्या भांड्यातील पाणी ९५-९६ अंशांवर उकळते. झाकणाचे रबर कडक होऊन ते दाब धरेनासे झाले असेल, तर सर्वथा स्वाभाविक तापमानाला चालणाऱ्या इंजिनातही पाणी उकळून बाहेर पडू लागते. पाणी गेल्यावर मात्र इंजिन खरोखरच तापते. येथे उकळणे हे कारण आणि तापणे हे कार्य आहे. मालकाला हा क्रम नेमका उलटा दिसतो, आणि अत्यल्प किमतीच्या झाकणाचा दोष रेडिएटरच्या माथी मारला जातो.

शीतद्रवाविषयीही असाच गैरसमज आहे. ‘कूलंट’ या नावामुळे तो पाण्याहून अधिक थंडावा देतो असे वाटते. वस्तुतः एथिलीन ग्लायकॉल आणि पाणी यांच्या सममिश्रणाची उष्णता वाहून नेण्याची शक्ती नुसत्या पाण्याहून कमीच असते. त्याचे गुण दुसरे आहेत. साध्या वातावरणीय दाबाला तो सुमारे १०७ अंशांवर उकळतो, आणि त्यातील रसायने धातूला गंजू देत नाहीत. बोअरच्या जड पाण्यातील क्षार नळ्यांवर पुटे चढवितात, आणि अशा पुटाची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याइतकी असते. म्हणून शीतद्रव वापरणे योग्य, पण ते ऊर्ध्वपातित पाण्यात आणि निर्मात्याने सांगितलेल्या प्रमाणातच मिसळावे. अधिक घातल्याने अधिक लाभ होत नाही.

५. सुधारणांचा क्रम

मूळ व्यवस्था पूर्ववत केल्याशिवाय तिच्यात सुधारणा करू नये, हा येथील पहिला नियम. नवे झाकण, नव्या रबरी नळ्या व क्लिपा, आतून धुतलेला आणि बाहेरून स्वच्छ केलेला रेडिएटर, नवा थर्मोस्टॅट आणि हवा पूर्णपणे काढून भरलेला शीतद्रव एवढ्यानेच पुष्कळ व्हॅन बऱ्या होतात. हवा काढण्यासाठी थंड इंजिनात झाकण उघडे ठेवून सावकाश पाणी भरावे, नंतर इंजिन चालू करावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत भर घालीत राहावे. लांब नळ्यांच्या या वाहनात ही क्रिया घाईने करून चालत नाही. इंजिनाचे प्रज्वलन मागे पडलेले नाही, इंधनमिश्रण विरळ झालेले नाही आणि ब्रेक चाकांना घासत नाहीत, याचीही खात्री करून घ्यावी. कारण या तिन्ही दोषांनी उष्णतेची जमाच वाढते.

एवढे करूनही घाटात काटा चढत असेल, किंवा वाहनावर मूळच्यापेक्षा अधिक भार अथवा मागाहून बसविलेले वातानुकूलन असेल, तर सुधारणा पुढील क्रमाने कराव्यात.

पहिली सुधारणा हवेच्या वाटेची. हवा नेहमी सोपी वाट धरते. रेडिएटरच्या कडेने फटी असतील, तर ती जाळीतून न जाता फटींतून निसटते. या फटी स्पंजाच्या किंवा रबराच्या पट्ट्यांनी बुजवाव्यात. पंख्याभोवतीचे आच्छादन दुरुस्तीत काढून टाकलेले असेल तर ते परत बसवावे. त्यावाचून पंखा आपल्या पात्यांपुरतीच हवा ओढतो आणि जाळीचे कोपरे निकामी राहतात. या सुधारणेला खर्च सर्वांत कमी, आणि केलेल्या खर्चाच्या मानाने लाभ बहुधा सर्वांत मोठा.

दुसरी सुधारणा पंख्याच्या विजेची. जुन्या तारा व झिजलेले जोड यांतून जाताना विजेचा दाब घटतो, आणि पंखा दिसायला फिरत असला तरी पुरेशी हवा ओढीत नाही. बॅटरीपासून फ्यूज घालून स्वतंत्र जाड तार आणावी आणि ती रिलेमार्फत पंख्याला जोडावी. तापमानाच्या स्विचखेरीज चालकापाशी एक हाती स्विच ठेवला, तर घाटाच्या पायथ्याशीच पंखा सुरू करता येतो. वातानुकूलन असल्यास त्याचा कंडेन्सर रेडिएटरपुढे बसतो आणि तापलेली हवा रेडिएटरला मिळते. अशा वेळी जादा पंखा ही गरजच ठरते.

तिसरी सुधारणा रेडिएटरची. येथे अपेक्षा मर्यादित ठेवावी. एका रांगेच्या जागी दोन रांगांचा रेडिएटर बसविल्याने सामर्थ्य दुप्पट होत नाही. पहिल्या रांगेने शक्य असलेल्या उष्णतेपैकी ४० टक्के हवेला दिली, असे समजू. दुसऱ्या रांगेपर्यंत पोहोचणारी हवा आधीच तापलेली असते. ती रांग उरलेल्या ६० टक्क्यांतील ४० टक्के, म्हणजे २४ टक्केच देऊ शकते. एकूण ६४ टक्के झाले, म्हणजे दीडपटीहून थोडे अधिक. शिवाय जाडी वाढल्याने हवेला रोध होतो आणि या लाभातूनही काही भाग वजा जातो. म्हणून जागा असेल तर जाडीपेक्षा रेडिएटरचे तोंड रुंद करणे अधिक फलदायी होते. वर (आ) मध्ये सांगितलेल्या तक्रारीत रेडिएटर उपयोगी पडतो. (अ) मध्ये तो जवळजवळ निरुपयोगी असतो. आणि पंखा अशक्त असेल, तर जाड रेडिएटरमुळे गर्दीतील तापणे उलट वाढू शकते.

चौथी सुधारणा सूचनेची. तापमान मोजणारा संवेदक पाण्यात बुडालेला असतो, तोपर्यंतच काट्याला अर्थ असतो. पाणी एकदम निघून गेले की संवेदक कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. चालकाला वाटते की गाडी निवली. वस्तुतः त्या क्षणी ॲल्युमिनियमचे हेड सर्वाधिक धोक्यात असते. यासाठी हेडच्या धातूलाच चिकटविलेला दुसरा संवेदक आणि त्याला जोडलेली घंटी, तसेच पाण्याची पातळी घटल्याचे कळविणारा साधा इशारा, ही जोड द्यावी. ती उष्णता काढून टाकीत नाही, पण इंजिन वाचविते.

६. थर्मोस्टॅट काढावा काय?

गाडी तापू लागली की थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उपाय सर्रास सुचविला जातो. ‘थंड करणे’ या शब्दांनीच ही दिशाभूल केली आहे. शीतनव्यवस्थेचे काम इंजिन शक्य तितके थंड ठेवणे हे नसून ते एका ठराविक उष्णतेवर ठेवणे हे आहे. तापलेल्या इंजिनात निर्दोष थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेलाच असतो. तो काढल्याने पाण्याची वाट फारशी रुंदावत नाही. उलट सकाळच्या प्रवासात इंजिन दीर्घकाळ गारठलेले राहते, न जळलेले पेट्रोल तेलात उतरते, सिलिंडर झिजतात आणि इंधन अधिक लागते. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल तर तो बदलावा. उकळत्या पाण्याच्या भांड्यात टाकून तो उघडतो की नाही, हे घरच्या घरी पाहता येते.

७. घाटात काटा चढल्यास

सर्व काळजी घेऊनही तसा प्रसंग येऊ शकतो. वातानुकूलन बंद करावे, खालचा गिअर घालून वेग कमी करावा आणि रस्त्यालगतच्या रुंद, सुरक्षित जागी थांबावे. पाणी अद्याप शिल्लक असेल आणि पंखा चालत असेल, तर इंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवावे. पाणी निघून गेले असेल, तर ते तत्काळ बंद करावे. या व्हॅनमध्ये इंजिन आसनांखालीच असल्यामुळे प्रवाशांना, विशेषतः मुलांना, आधी उतरवून रहदारीपासून दूर उभे करावे.

झाकण मात्र उघडू नये. दाबाखाली ११० अंशांवर असलेले चार लिटर पाणी झाकण काढताच १०० अंशांवर येते, आणि या दहा अंशांच्या उष्णतेने सुमारे ७५ ग्रॅम पाण्याची क्षणार्धात वाफ होते. ही वाफ सव्वाशे लिटर जागा व्यापते आणि आपल्याबरोबर उकळते पाणी घेऊन झाकणावर वाकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर व हातांवर येते. वरची रबरी नळी हाताला सोसवेल इतकी निवेपर्यंत, म्हणजे निदान अर्धा तास, थांबणे हाच मार्ग होय. तापलेल्या हेडवर किंवा रिकाम्या इंजिनात थंड पाणी ओतणेही तितकेच घातक, कारण एकाएकी आकुंचन पावलेला धातू वाकतो किंवा तडकतो.

सारांश, जुन्या व्हॅनच्या बाबतीत ‘गरम होते’ एवढ्या सांगण्यावर कोणतीही वस्तू विकत घेऊ नये. केव्हा तापते, पाणी उकळते की फेकते की खाते, काटा सावकाश चढतो की उसळी मारतो, हे आठवडाभर नीट पाहून चालकाने वहीत टिपून ठेवावे. ती वही घेऊन गॅरेजमध्ये गेलेल्या चालकाला बहुधा एक झाकण, दोन नळ्या आणि पंख्याची नवी तार एवढ्यावर परतता येते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुले वेळेवर शाळेत पोहोचतात.